गाळलेले आठ सेकंद

मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ पुस्तिका आहे. मोठी माणसं मला ब्रोशर म्हणतात. जाड पुठ्ठ्याची, वहीएवढी. मला उघडलं की आतला छोटा पडदा उजळतो आणि चित्रं बोलू लागतात. मिटलं की मी गप्प. पुन्हा उघडलं तर सगळं पहिल्यापासून. माझा एक कोपरा झिजला आहे, पाठीवर पिठाचे डाग आहेत. त्यांची मला लाज नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती आज सांगून टाकणार आहे.

कारखान्यात आम्ही सगळ्या बहिणी एकसारख्या होतो. आत कोणती फिल्म भरली जाईल, तसं जिचं तिचं नशीब. एक बहीण दवाखान्यात गेली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी निघालेल्या आजी-आजोबांना ती व्यायाम शिकवायची. दुसरी घरं बांधणाऱ्यांकडे गेली आणि न बांधलेल्या घरांतून लोकांना फिरवून आणू लागली. तिसरी संग्रहालयाच्या दाराशी बसली. मी गेले पीठ मळायची मशीनं बनवणाऱ्या कंपनीत.

माझ्या पहिल्या फिल्ममध्ये एक माणूस मशीनचं बटण बंद करायचा आणि भांड्यापुढे नुसता उभा राहायचा. कारण बटण बंद केल्यावरही आतला लोखंडी दांडा आठ सेकंद गरगर फिरत राहतो. तो पुरता थांबला की मगच माणूस हात घालून पीठ काढायचा.

"हा बुवा असा खांबासारखा का उभा आहे?" कंपनीचे मोठे साहेब म्हणाले. "गिऱ्हाईक जांभया देईल. काढून टाका."

मशीन विकायला फिरणारा दादा चाचरत म्हणाला, "पण साहेब, ते थांबणं..."

"माहितीपुस्तकात छापलंय ना? ज्याला हवं तो वाचेल."

झालं. ते आठ सेकंद गाळले. आता बटण बंद, की लगेच हात आत. आणि खरं सांगू? मला आनंदच झाला. पूर्वी त्या जागी बघणाऱ्यांची नजर भिरभिरायची, आता ती माझ्यावर खिळून राहू लागली. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला कुणी लागलंच नाही, मी आपणहून चढले.

दादाने मला एका बेकरीत नेलं. मालकांनी मशीन घेतलं आणि मला पिठाच्या पोत्यांजवळ खिळ्याला टांगलं. तिथे एक काकू पीठ मळायच्या. वीस वर्षं हाताने मळलेलं. त्यांच्या हातचा वेणीसारखा गुंफलेला पाव घ्यायला लोक सकाळपासून उभे असत. माहितीपुस्तकातली बारीक अक्षरं त्यांना दिसत नव्हती.

"राहू दे ते पुस्तक," त्या दादाला म्हणाल्या. "ही कशी छान दाखवते बघ!"

त्यांनी मला तीनदा उघडून पाहिलं. "बटण बंद, हात आत. सोपं आहे की!"

चौथ्या दिवशी सकाळी काकूंनी बटण बंद केलं आणि मी शिकवलं होतं अगदी तस्साच हात आत घातला.

त्यांची किंकाळी मी खिळ्यावर टांगलेली असताना ऐकली. दोन बोटं मोडली. दोन महिन्यांनी प्लास्टर निघालं, पण ती बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. वेणीचा पाव बंद झाला.

"काकू, थोडं थांबायचं नाही का?" मालक कळवळून म्हणाले.

"हिच्यातला माणूस कुठे थांबतो?" काकू म्हणाल्या.

मग सगळे माझ्याभोवती जमले. मला उघडलं आणि मी पुन्हा तेच दाखवलं. बटण बंद, हात आत. मला दुसरं काही येतच नव्हतं. कुणी मला शिवी दिली नाही, फाडलं नाही. काकूंनी हळूच मिटून ठेवलं. त्या वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते आठ सेकंद एके काळी माझ्याच पोटात होते, मला ते ठाऊक होते!

दादा भेटायला आला तेव्हा त्याची मानही वर होत नव्हती.

"साहेबांना सांग, नवीन फिल्म काढा," काकू म्हणाल्या. "आणि तिच्यात माझा हात घ्या."

"काकू, दुसऱ्या कुणाचा तरी चांगला..."

"हा काय वाईट आहे? घे."

आता माझ्यात काकू आहेत. त्या बटण बंद करतात आणि मोठ्याने मोजतात. एक, दोन, तीन... आठ झाल्यावर ती वाकडी बोटं सावकाश भांड्यात जातात. कंपनीने आपल्याकडच्या माझ्या सगळ्या बहिणींतही हीच फिल्म भरली. तरी माझी लाज गेलेली नाही. प्रत्येक वेळी ती बोटं मलाच दाखवावी लागतात.

काल बेकरीत नवीन मुलगी कामाला आली. काकूंनी तिला माझ्यासमोर बसवलं. मोजणी चारवर आल्यावर ती म्हणाली, "कळलं काकू!" आणि तिने मला मिटलं. काकूंनी मला पुन्हा उघडलं आणि मी पहिल्यापासून सुरू झाले.

मित्रांनो, काकू चारपर्यंत मोजतात तेव्हा तुमचाही हात मला मिटायला पुढे येईल. तेवढा आवरा. एकदा मी गप्प राहिले आहे. आता मला आठपर्यंत बोलू द्या.