रिकाम्या नळीतली लोकर

"मेंढी?" मॅडम म्हणाल्या. "आपल्याकडे मेंढी कुठून आली?"

पडद्यावर तेच लिहिलेलं होतं. नमुने माणसांच्या पेशींचे होते आणि मशीन सांगत होतं की यात मेंढीच्या लोकरीचं प्रोटीन आहे. थोडंथोडकं नाही. त्याच्याखाली आम्हाला हवी होती ती प्रोटीनं दबून गेली होती.

"चरायला आली असेल," मशीन सांभाळणारा म्हणाला. कुणी हसलं नाही.

नमुने भिंगरीचे होते. भिंगरी म्हणजे आमच्याकडे पीएचडी करणारी मुलगी. सारखी इकडून तिकडे पळते म्हणून हे नाव पडलं. त्या दिवशी मात्र ती खुर्चीच्या पाठीला धरून एका जागी उभी होती. आजारी माणसांच्या पेशी तिनं हॉस्पिटलमधून आणून, वाढवून जपल्या होत्या. त्यातली काही माणसं आता हयात नाहीत. म्हणजे पुन्हा मागायला जायची सोय नाही. फ्रीझरमध्ये तळाशी थोडं उरलं होतं, एकदाच पुरेल इतकं. तेही असंच वाया गेलं तर तिचा प्रबंध अर्ध्यावर राहणार होता, आणि मुदत तर संपत आली होती.

"तुझा तो मफलर लोकरीचा आहे ना?" मॅडमनी तिला विचारलं.

"मॅडम, तो मी बाहेर खुंटीवर ठेवते. रोज. आईशपथ."

"मग केसातून आली असेल, बाहीतून आली असेल. घाई तर तुझी असतेच."

भिंगरीचे डोळे भरून आले. मी तिच्या शेजारीच उभा होतो. माझा हात आपोआप छातीवर गेला. ॲप्रनच्या आत शर्ट होता आणि शर्टच्या आत स्वेटर. बिनबाह्यांचा, माझ्या बायकोनं विणलेला.

आमचं काम सांगायला सोपं आहे. पलीकडच्या खोलीत लोक जीन वाचतात. आम्ही इकडे पेशी फोडून आत कुठली प्रोटीनं आहेत ते मोजतो. बायकोला मी हे समजावलं तेव्हा ती म्हणाली होती, "म्हणजे ते लोक काय शिजवायचं ठरलंय ते वाचतात, आणि तुम्ही झाकण काढून काय शिजलंय ते बघता. घरी पण तेच करता." मशीन इतकं नाजूक की आपल्या कातडीचा कण पडला तरी पकडतं. म्हणून टोपी, हातमोजे, मास्क. म्हणून दारावर पाटी, "लोकरीचे कपडे बाहेर ठेवा." ती पाटी मी लिहिली आहे.

बायको होती तोवर हा स्वेटरही बाहेर खुंटीवरच असायचा. "माझ्या स्वेटरला तुमच्या ऑफिसात बंदी," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ती गेल्यावर मला त्या खोलीत गारठा सोसेना. खोली आधी होती तितकीच गार होती. एक दिवस मी स्वेटर शर्टाच्या आतून घातला आणि मग रोजच घालायला लागलो. मला नियम माहीत नव्हता असं नाही. मी त्याचा विचारच केला नव्हता.

आता केला. भिंगरीनं फोडलेल्या पेशी माझ्याकडे येतात. त्यातल्या प्रोटीनचे तुकडे करायचं काम माझं. मी उघड्या नळीवर वाकून बसतो.

सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "उद्या तिघांनी एकेक रिकामी नळी करा. पेशी नाहीत, बाकी सगळं तसंच. तू, सर आणि मशीनवाले. रोज जसे कपडे घालता तसेच घालून या. कुणाच्या हातून मेंढी येते ते कळेल." सर म्हणजे मी.

संध्याकाळी जेवताना मुलीनं विचारलं, "बाबा, भाजी आवडली नाही का? नुसती चिवडताय."

मी तिला सगळं सांगितलं. ती माझ्या गळ्याकडे बघत राहिली.

"मग उद्या घालू नका. मिटलं."

"मिटत नाही गं. मी काढून गेलो तर तिन्ही नळ्या स्वच्छ येतील. मग म्हणतील, ही पोरगीच गबाळी आहे."

"मग आत्ता फोन करा मॅडमना. सांगा, माझा आहे म्हणून."

"माझाच आहे हे मला तरी कुठे माहीत? तिचा मफलरही असेल. घालून बसलो तरच कळेल."

"आणि तुमचाच निघाला तर?"

"तर काढायचा. दुसरं काय."

ती ताटं उचलायला लागली. मोरीपाशी गेल्यावर पाठमोरीच म्हणाली, "आईनं गळा सैल केला होता. मी तेव्हाच म्हटलं होतं. तर मला म्हणाली, तुझ्या बाबांना गळ्याशी आवळलेलं चालत नाही, लगेच गुदमरतात."

सकाळी मी स्वेटर हातात घेऊन पलंगावर बसून राहिलो. मफलरच असू दे, असं मनात येत होतं. म्हणजे त्या पोरीवर यावं असंच मी मागत होतो. ते कळलं तेव्हा उठलो, स्वेटर अंगात घातला आणि वरून शर्टाची बटणं लावली. गळ्याचं बटण रोज लावत नाही. ते तसंच उघडं ठेवलं.

रिकामी नळी करायला बसलो. रोज वाकतो तितकंच वाकायचं ठरवलं होतं, पण रोज किती वाकतो हे ठरवून वाकणाऱ्याला सांगता येत नाही. नुसतं पाणी आणि तुकडे करायचं औषध. झाकण लावलं आणि नळी मशीनवाल्याकडे दिली.

आधी त्याची नळी गेली. "माणूस," तो म्हणाला. "माझीच कातडी. चला, मी माणूस आहे हे सिद्ध झालं."

मग भिंगरीची. तिनं पडद्याकडे पाठ फिरवली होती. मॅडमनी स्वतः यादी तपासली, पुन्हा वरपासून तपासली. मेंढी नव्हती.

"नक्की?" भिंगरीनं विचारलं.

"नक्की. बैस आता, पडशील."

मग माझी. मला बसवेना. पडद्यावरच्या रेघेला लोकरीची टोकं यायला लागली आणि मशीनवाल्याची थट्टा थांबली. नळीत दुसरं काही नव्हतंच, त्यामुळे लोकर एकटीच स्वच्छ दिसत होती.

"सर, तुम्ही?" मॅडम म्हणाल्या. "पाटी तर तुम्हीच..."

"हो," मी म्हणालो आणि ॲप्रन बाजूला करून शर्टचं आणखी एक बटण काढून दाखवलं. करड्या रंगाचा सैल गळा सगळ्यांनी पाहिला. मी भिंगरीला म्हणालो, "माझ्यामुळे गेले तुझे नमुने. उरलेले मी हात न लावता तूच कर. मी लांबून सांगतो."

ती रागावेल असं मला वाटलं होतं. रागावलीही. "सर, मी अख्खी रात्र रडले हो," म्हणाली. मग बाहेर गेली आणि नमुने ठेवायची मोठी पिशवी घेऊन आली. मी शेजारच्या खोलीत जाऊन स्वेटर काढला, घडी घातली, पिशवीत सरकवला. तिनं पिशवीचं तोंड दाबून बंद केलं. आमच्याकडे कुठलीच पिशवी कोरी ठेवत नाहीत. पेन उघडून ती थांबली.

"काय लिहू?"

"लोकर लिही."

तिनं लिहिलं. खाली, सवयीनं, माझं नाव घातलं.

उरलेले नमुने तिनं दुसऱ्या दिवशी केले. मी हात पाठीमागे बांधून दाराशी उभा राहिलो आणि सांगत गेलो. एकदाही घाई केली नाही तिनं. मशीन सुरू झालं तेव्हा आम्ही चौघं पडद्यापुढे बसलो. मेंढीचं सगळ्यांत मोठं टोक कुठे येतं ते आता सगळ्यांना पाठ झालं होतं. ती जागा जवळ आली तशी भिंगरीनं माझी बाही पकडली. नुसत्या शर्टाची बाही.

रेघ तिथवर आली आणि सपाट पुढे गेली.

भिंगरी टाळ्या वाजवायला लागली. मशीनवाल्यानं वाजवल्या, मॅडमनी वाजवल्या. मीही वाजवल्या. माझे हात गार पडले होते.