चौदा सेकंद

मला चोर म्हणायला हिम्मतरावांनी सोमवारची सकाळ निवडली. सोमवारी सकाळी बेगम बाजारात मुंगीलाही वाट मिळत नाही. समोरचा मिरचीवाला, शेजारचा काजू-बदामवाला, हातगाड्यांवरचे हमाल, सगळ्यांच्या देखत आपल्या मसाल्याच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून मालक ओरडले, "सत्तावीस वर्षं विश्वास ठेवला बाई तुमच्यावर! खाल्ल्या घरचे वासे मोजलेत तुम्ही!"

सत्तावीस वर्षांत मी त्या दुकानातली एक लवंगसुद्धा न विचारता तोंडात टाकलेली नाही. एवढं खरं असूनही पहिल्या मिनिटाला माझी वाचाच बसली, याची लाज मला अजून वाटते.

झालं होतं असं. रविवारी दुपारी दुकान बंद असताना आतल्या कपाटातून केशराचे बारा डबे गेले. शटर फोडलेलं नव्हतं. शटरच्या किल्ल्या तीन, एक माझ्याकडे आणि दोन मालकांच्या घरी. सायरनही वाजला नाही, कारण आत शिरलेल्या माणसाने कोड दाबून अलार्म बंद केला होता. आणि अलार्मच्या नोंदीत नाव आलं होतं माझं, पद्मावती.

मालकांचा मुलगा रितेश मोबाइल नाचवत ती नोंद सगळ्यांना दाखवत होता. शनिवारपर्यंत मी त्याची 'पद्मा मावशी' होते. सोमवारी 'बाई' झाले. त्याने एक कागद टाइप करून आणला होता. त्यात लिहिलं होतं, डबे मी घेतले, मी नोकरी सोडते, माझी तक्रार नाही.

"सही करा, विषय संपला," तो म्हणाला. "पोलीस-बिलीस नक्को. तुमच्या उमरचा लिहाज आहे आम्हाला."

तेव्हा माझी वाचा परत आली. म्हटलं, "माझ्या वयाची काळजी तू करू नकोस. पोलिसांना खुशाल बोलव. पण त्याआधी अलार्म बसवणाऱ्या सुधीरला बोलव. यंत्र माझं नाव घेतंय ना? मग मलाही यंत्राला दोन-चार गोष्टी विचारायच्यात."

सुधीर मलकपेठेहून येईपर्यंत दीड तास गेला. तेवढा वेळ मी पायरीजवळ स्टुलावर बसून राहिले. घरी गेले असते तर पळाली म्हणाले असते, आणि रडले असते तर कबूल झाली म्हणाले असते. जी गिऱ्हाइकं कुजबुजत होती, त्यांच्यातल्या एकेकाच्या डोळ्यांत मी मान वर करून बघत राहिले.

एक चूक माझी होती, ती सुधीर आल्याबरोबर मीच सगळ्यांना सांगितली. अलार्म बसवला तेव्हा सुधीरने प्रत्येकाला वेगळा कोड दिला होता आणि तो कुणाला सांगू नका म्हणून बजावलं होतं. पण आपल्याकडे लपवायचं कुणापासून? दसऱ्याला रितेशला स्वतःचा कोड आठवेना, म्हणून मी माझा कोड फोनवर ओरडून सांगितला, भर बाजारात. पुढे ज्याला गरज पडली त्याने तोच वापरला.

सुधीर लॅपटॉप उघडून बसला. मी पहिला प्रश्न टाकला, "या यंत्राला मी दिसते का रे?"

"नाही आक्का. शटरला लोहचुंबक आहे. शटर वर गेलं की तो दूर होतो आणि पॅनेलला कळतं, दार उघडलं. छताजवळ तो पांढरा डोळा आहे ना, त्याला अंगाची ऊब हललेली कळते. पण माणूस कोण, ते दोघांनाही कळत नाही. नाव येतं ते कोडवरून."

"म्हणजे कोड माझा, पण हात कुणाचाही असेल?"

"हौ, आक्का."

"कोड कुणाचाही असू दे, हात यांचाच कशावरून नाही?" रितेश म्हणाला. बोलला ते बरंच झालं.

दुकान म्हणजे लांबलचक बोळ आहे. कोड दाबायचं पॅनेल पार आतल्या टोकाला, तीन पायऱ्या चढून. आणि माझ्या उजव्या पायात सळई आहे. माळ्यावरून मिऱ्याचं पोतं याच दुकानात अंगावर पडलं होतं. शटर उघडल्यावर तीस सेकंदांत कोड दाबावा लागायचा. पहिल्या आठवड्यात मी पोचायच्या आत तीनदा सायरन बोंबलला आणि सगळी गल्ली हसली. मग मालकांनी स्वतः सुधीरला सांगून ती मुदत पंचाहत्तर सेकंदांची करून घेतली होती.

"सुधीर, रविवारी शटर कधी उघडलं आणि कोड कधी दाबला? सेकंदासकट वाच."

"शटर तीन वाजून बारा मिनिटं सहा सेकंद." त्याने चष्मा वर सरकवला. "कोड तीन बारा वीस."

"चौदा सेकंद," मी म्हटलं. "आता घड्याळ लाव."

मी शटरपासून निघाले. पोत्यांना धरत, जीव काढून चालले. हळू चालून जिंकायचं नव्हतं मला. पॅनेलवर हात टेकला तेव्हा धाप लागली होती आणि पाय ठणकत होता. छप्पन्न सेकंद झाले होते.

"नाटक आहे सगळं," रितेश म्हणाला.

"मग रोज सकाळी नऊ वाजता दुकान कोण उघडतं? सुधीर, त्या सकाळच्या नोंदी वाच."

त्याने तीन महिन्यांच्या वाचल्या. एकसष्ट, अठ्ठावन्न, चौसष्ट, सत्तावन्न. बावन्नच्या खाली एकही नाही.

"रिकाम्या दुकानात, रोज सकाळी, कुणासाठी नाटक करत होते मी? तू आता उठ बाळा. घड्याळ चालूच आहे. शटरपासून पॅनेलपर्यंत तूही चालून दाखव."

रितेश मोबाइलमध्ये बघत बसला.

"उठ," हिम्मतराव म्हणाले.

तो उठला नाही. हिम्मतराव त्याच्याकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांचा चेहराच उतरला. मला त्यांची दया आली. पण दया आली म्हणून माझं नाव धुऊन निघणार नव्हतं.

"झालं ते झालं, पद्माबाई," ते पुटपुटले. "घरातली गोष्ट घरातच राहू द्या. उद्यापासून पूर्वीसारख्या या."

"डब्यांचं तुम्ही बघा. ते तुमच्या घरातलं आहे," मी म्हटलं. "मला चोर म्हणालात ते घरात नव्हतं. पायरीवर चला."

ते आले. समोर मिरचीवाला होता, हमाल होते, सकाळचीच सगळी तोंडं होती. हिम्मतराव छातीत हनुवटी खुपसून बोलले, "बाईंनी काही घेतलेलं नाही. चूक आमची."

"मोठ्यानं, मालक," मी म्हटलं. "सकाळी त्या टोकापर्यंत ऐकू गेलं होतं."

त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा म्हणाले. मग तिसऱ्यांदाही म्हणाले. चौथ्या दुकानातला माणूस हातातला तराजू ठेवून बाहेर आला, तेव्हा मी त्यांना पुरे म्हटलं.