जीवाश्म म्हणजे जीवखडा

नागनाथ सरांना एक खोड होती. पुस्तकातला शब्द जड वाटला की ते पोरांना विचारायचे, "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" सुरतेतल्या बमरोलीच्या त्या मराठी शाळेत बहुतेक पोरं खानदेशातली. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानावर गुजराती. पुस्तकातली मराठी ही त्यांची चौथी भाषा, आणि ती गळी उतरवायची तर घरचाच शब्द हवा, असं सरांचं म्हणणं. मुख्याध्यापक त्यावर हसत. हसेनात बापडे! सरांच्या तासाला मागचा बाकसुद्धा जागा असायचा, हे त्यांनाही कबूल होतं.

त्या वर्षी पाचवीला सरांनी जीवाश्म शिकवले. धड्यात त्यावर चारच ओळी होत्या, पण सरांना डायनासोरचं वेड. बालासिनोरकडे डायनासोरची दगड झालेली अंडी सापडली, तीही आपल्या गुजरातेत, हे सांगताना त्यांचा आवाज असा चढायचा, जशी काही ती अंडी त्यांनीच घातली होती. शाळेच्या मागच्या कोपऱ्यात त्यांनी खड्डा करून रेती, माती, चिखल असे थर दिले आणि मधे डुमसच्या किनाऱ्यावरचे शिंपले नि कोंबडीची हाडं पुरली. पोरांनी ती खोदून काढली. खऱ्या खडकांत खालच्या थरात मासे, त्याच्या वर बेडूक, त्याच्याही वर सरडे. खालून वर वाचत या, म्हणजे जीव कसा बदलत आला ते कळेल, असं सर सांगत होते. मग वर्गात येऊन त्यांनी फळ्यावर शब्द लिहिला.

"जीवाश्म. अश्म म्हणजे दगड. तुमच्या घरी काय म्हणाल याला?"

पहिल्या बाकावरची धनश्री उभी राहिली. "जीवखडा, सर?"

वर्ग चिडीचूप झाला. सरांना वाटलं, विषय रंगला.

"शाब्बास! जीवाचा खडा, जीवखडा!" त्यांनी जीवाश्मपुढे बरोबरचं चिन्ह काढून तो शब्द लिहून टाकला.

"मग त्यात जीव राहतो, सर?"

"राहतो म्हणजे! करोडो वर्षं राहतो. उघड्यावर पडलं ते कुजलं, पाण्यात वाहिलं ते गेलं. गाळाखाली दबलं ते टिकलं."

"अंड्यातलं पिल्लू पण?"

"एखाद्या अंड्यात पिल्लूसुद्धा!"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. सर बोलत होते आकाराबद्दल, हाडांच्या खुणेबद्दल. पोरगी ऐकत होती भलतंच. कारण जीवखडा म्हणजे काय, हे त्या वर्गात एकूणएक पोराला ठाऊक होतं. सरण पेटवण्याआधी खांद्यावरचं मडकं ज्या खड्याने फोडतात, तो जीवखडा. गेलेल्या माणसाचा जीव दहाव्यापर्यंत त्या खड्यात असतो, असं मानतात. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की खडा नदीत सोडायचा. ठाऊक नव्हतं ते एकट्या सरांना. त्यांच्या आजोबांनी धम्म स्वीकारला, तेव्हाच असले सगळे विधी घराबाहेर गेले. पुढे वडील रेल्वेच्या नोकरीने सुरतेला आले. घरात कुणी गेलं की मेणबत्ती लागे, वंदना होई. मडकं आणि खडा सरांनी जन्मात पाहिला नव्हता. आणि सरांची चूक सरांना दाखवणार कोण?

दिवाळीनंतर धनश्रीचे वडील गेले. वाल्मिक पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंगमध्ये कामाला होता; पाळी संपवून सायकलवरून येताना हायवेवर ट्रकने उडवलं. सर घरी भेटायला गेले. आई, मंगलाबाई, भिंतीला टेकून आक्रोश करत होती. धनश्रीच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हता. कोपऱ्यातल्या दिव्याजवळ फडक्यात काहीतरी गुंडाळून ठेवलं होतं, त्याच्याजवळ ती शांत बसून होती, अधूनमधून हळूच काहीतरी सांगत होती. पोर धक्क्याने सुन्न झाली, असं म्हणत सर घरी परतले. फडक्यात काय आहे, हे त्यांनी विचारलं नाही.

दहाव्याच्या सकाळी धनश्रीचा काका सुकलाल धापा टाकत शाळेत आला. डोकं नुकतंच भादरलेलं, अंगावर उपरणं.

"सर, आमनी धनू आठे उनी का?"

"नाही पाहिली. काय झालं?"

"मना भाऊना जीवखडा लई गई ती! घाटवर समदा लोक वाट पाही राहिनात. खडा नही तर मी नदीमा काय सोडू? मना भाऊना जीव कोठे जाई, सर?"

"जीवखडा म्हणजे?" सरांनी विचारलं.

सुकलाल आधी त्यांच्याकडे बघतच राहिला. मग त्याने सांगितलं. ऐकता ऐकता फळ्यावर काढलेलं ते बरोबरचं चिन्ह सरांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"तुम्ही इथेच थांबा," ते म्हणाले आणि शाळेच्या मागे गेले.

धनश्री खड्ड्याशी बसली होती. कोपरापर्यंत चिखल. सरांना पाहून ती घाबरली नाही, उलट तिचा चेहरा उजळला.

"सर, पाय नका देऊ तिथे. आत्ताच दाबलंय."

"काका वाट बघतोय, बेटा."

"काका आबांना तापीत टाकणार आहे. पाण्यात वाहिलं ते गेलं, तुम्हीच सांगितलं ना? इथे दाबले तर राहतील." तिने दाबलेल्या मातीवरून हात फिरवला. "करोडो वर्षं नकोत मला, सर. मी मोठी होईपर्यंत राहिले तरी बस."

खरं सांगायला तीन शब्द पुरेसे होते: दगडात जीव नसतो. सर जन्मभर हेच तर सांगत आले होते. भाकडकथांवर तोंडसुख घ्यावं तर नागनाथ सरांनी, अशी त्यांची शाळेत ख्याती. त्यांनी तोंड उघडलंही. पण सरांचं बोलणं खोटं असूच शकत नाही, अशा नजरेने ती वर बघत होती. आणि मग सरांच्या ध्यानात आलं की ही पोर सुन्न नव्हतीच. ती रडली नाही, कारण तिच्या लेखी आबा गेलेच नव्हते. आता हे तीन शब्द उच्चारले की ते जातील. इथे, या क्षणी, सरांच्या तोंडून.

"धनू," ते तिच्याशेजारी मातीत बसले. "हा खड्डा फार उथळ आहे गं. पुढच्या पावसाळ्यात उघडा पडेल. टिकायला नदीचा गाळ लागतो. पाणी वरून वाहून जातं, गाळ तळाशी बसतो. बालासिनोरची अंडीसुद्धा अशीच मातीगाळाखाली दबून टिकली."

यातलं एकही वाक्य तसं खोटं नव्हतं. सरांना तेच जास्त लागलं.

धनश्रीने विचार केला. मग स्वतःच्या हातांनी उकरून तिने खडा काढला आणि फ्रॉकला पुसला. "मी पण येणार घाटावर," ती म्हणाली. सुकलालने खडा पाहिला, सुटकेचा निःश्वास टाकला आणि नाही म्हटलं नाही.

सरही सोबत गेले. तापीवर एकेकाने खड्यावर तिळाचं पाणी घातलं. कावळा लगेच शिवला. "वाल्मिकनी काही इच्छा राह्यनी नही," कुणीतरी म्हणालं. सरांना त्या माणसाचा संताप आला. लेकरं वाढायची होती, आणि म्हणे इच्छा राहिली नाही! सुकलाल कमरेइतक्या पाण्यात गेला, हात जोडले आणि खडा सोडला. धनश्री सरांचा हात धरून टाचा उंचावून बघत होती.

"सर, जागा ध्यानात ठेवा हं. मी मोठी झाली की आपण खोदू."

"हो," सर म्हणाले, आणि त्यांना रडू आवरेना. भरल्या घाटावर, अनोळखी बायाबापड्यांपुढे, ते लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. लोकांना वाटलं, मास्तरांचा वाल्मिकवर फार जीव होता.

धनश्रीने त्यांचा हात घट्ट दाबला.

"नका रडू, सर," ती समजुतीने म्हणाली. "खाली गाळ आहे ना? मग आबा राहतील."