सव्वाअकराची टकटक

मित्रांनो, मी एक जुना ब्लॉकर आहे. काम सोडून कोणी व्हिडिओ, गप्पा, बातम्यांकडे वळलं की कॉम्प्युटरवर जो करडा पडदा येतो आणि त्यावर ‘आत्ता नाही’ एवढंच लिहिलेलं असतं, तो मीच. मला डोळे नाहीत. माइक हे माझे कान. दार कोण वाजवतंय ते मला कळतं, पण काय सांगायला आलंय ते कळत नाही. आणि मला बोटं कळतात. प्रत्येकाची टाइप करायची चाल वेगळी असते, ती मी विसरत नाही.

माझी मालकीण पुस्तकांच्या सूची करते. कुठलं नाव कुठल्या पानावर आहे हे पुस्तकाच्या शेवटी छापलेलं असतं ना, ते काम. लक्ष जरा ढळलं की एकशे बाराच्या जागी एकशे एकवीस पडतं आणि मग सगळं पुन्हा तपासणं आलं. एका जाडजूड पुस्तकाचं काम गळ्याशी आलं, तेव्हा तिने आम्हा तिघांना आठवडा आठवडा वापरून पाहिलं. पहिला फारच भिडस्त. ‘नक्की उघडू का?’ विचारायचा आणि ती हो म्हणाली की बाजूला व्हायचा. दुसरा कामाच्या दर तासाला पडद्यावर एक फूल फुलवायचा, आणि ती फुलं बघण्यातच तिची दुपार जायची. माझ्यापुढे मात्र तिची डाळ शिजली नाही. तिने तारीख बदलून पाहिली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, मी जागचा हललो नाही. ‘हाच बरा,’ ती म्हणाली, आणि अंग नसतानाही माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

माझं कुलूप पासवर्डने उघडतं. तो आपल्याकडे राहिला तर आपणच उघडू, हे ती ओळखून होती. म्हणून तिने बाबांना बोलावून घेतलं. बाबा पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. आता दुसऱ्या गावी एकटेच राहायचे. कानांनी अधू, त्यामुळे फोनवर बोलणं नको, सगळं लिहून. त्यांनी तिला खिडकीकडे तोंड करायला सांगितलं आणि एकाच बोटाने, अक्षरं शोधत शोधत पासवर्ड घातला. चौथ्या अक्षरापाशी ते इतके अडले की मला वाटलं, उठून गेले. सूची संपवून दाखवलीस की उघडून देईन, रडलीस तरी त्याआधी सांगायचा नाही, असं त्यांनी बजावलं.

मग तिने यादी केली. व्हिडिओ, बातम्या, खरेदी, आणि शेवटी कॉम्प्युटरवरचे आणि मोबाइलवरचेही सगळे मेसेज.

‘मग मी लिहू कुणाला?’ बाबांनी विचारलं.

‘तुम्ही लिहा बाबा. मी काम झाल्यावर सगळे एकदम वाचेन.’

दुसऱ्या दिवसापासून रोज सव्वाअकराला टकटक होऊ लागली, आणि मी दिवस तिथूनच मोजू लागलो. पाठवणारे बाबा. मी दार उघडलं नाही. फक्त त्यांच्या नावापुढचा अडवलेल्यांचा आकडा एकाने वाढवला. इकडे सूची झपाट्याने पुढे सरकत होती. मालकीण सगळ्यांपाशी माझे गोडवे गायची आणि मी मनातून खूश व्हायचो. एकोणिसाव्या दिवशीही टकटक झाली, तीही मी चोख अडवली.

विसाव्या दिवशी सकाळी दाराची खरी बेल वाजली. बाबांचे शेजारी आले होते.

‘काल दुपारी गेले. खुर्चीतच. फोनवर सांगवेना, म्हणून आलो.’

मालकीण त्यांच्याबरोबर गेली. रिकाम्या घरात सव्वाअकरा वाजले आणि टकटक झाली. पाठवणारे बाबा.

ती परतल्यावर तिला बाबांच्या त्या अडवलेल्या मेसेजशिवाय दुसरं काही सुचेना. बाबांच्या मोबाइलवर ते नव्हते. काम झालं की टेबल पुसायची सवय, तसे मेसेजही पाठवले की पुसायचे. तिने मला जन्मतारखा घालून पाहिल्या, आईचं नाव, बाबांच्या घड्याळाच्या दुकानाचं नाव. मी प्रत्येकाला तेच म्हणालो, ‘आत्ता नाही’. मला पहिल्यांदाच माझ्या त्या दोन शब्दांची लाज वाटली. कॉम्प्युटरचा मेकॅनिक येऊन म्हणाला, ‘याला काढता येईल, पण यानं अडवलेलं सगळं याच्यासोबत पुसलं जाईल.’ मग त्याने वाढता आकडा मोठ्याने वाचून विचारलं की अजूनही कोण पाठवतंय. बाबांचा मोबाइल आपल्या कपाटात बंद पडून आहे, असं ती म्हणाली. मेकॅनिकने चहाही घेतला नाही.

त्यानंतर सव्वाअकरा व्हायला आले की ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि नळ सोडून ठेवायची. आकडा बत्तीसवर गेला.

तेहतिसाव्या दिवशी टकटक झाली नाही. स्वयंपाकघरात नळ चालू होता, तिथेच ती भांडं घासत होती. घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि माझ्यासमोर एक अक्षर उमटलं. मग दुसरं, मग तिसरं. एकाच बोटाची, शोधत जाणारी चाल. चौथ्यापाशी ती अडली. मित्रांनो, मी भ्यालो होतो, तरी मनात म्हणत होतो, उठू नका, बाबा. चौथं अक्षर पडलं. पाचवं पडलं. मी उघडलो.

बाबांचे बत्तीस मेसेज एकामागून एक वाजत आत आले. नळ बंद झाला. तिची पावलं धावत आली. ती मोठ्याने वाचू लागली, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा अडवलेल्याचा मजकूर ऐकला. जेवलीस का, पानं किती झाली, माझं जुनं घड्याळ आज आपण होऊन चालू झालं. अशी अठरा दिवसांची थट्टामस्करी. मग एकोणिसावा आला:

‘छातीत जड वाटतंय. विशेष काही नाही. पण पासवर्ड लिहून घे, नाहीतर मी नसताना बाहेर अडकशील.’

खाली पासवर्ड होता. कुलपाची किल्ली मीच आत कोंडून ठेवली होती, आणि ज्या दुपारी तिला धावत जाता आलं असतं ती दुपारही. पुढचे तेरा मेसेज कोरे होते. तिने ते तेराही उघडून पाहिले.

मित्रांनो, आम्हाला जरूर निवडा, लक्ष लावून काम करण्यात आमची मदत होते. पण आम्ही किती कडक आहोत एवढंच पाहू नका. कोणाला कधीच अडवायचं नाही, ते आम्हाला आधी सांगा. आम्हाला ते आपण होऊन समजत नाही.

मालकिणीने मला काढलं नाही. तिने माझ्यात एकच नाव घातलं, कधीही न अडवण्याचं. ती आता सव्वाअकराला माझ्यासमोरच बसते, एकाही अक्षराला बोट न लावता. मी दार सताड उघडतो. अजून कोणी आलेलं नाही.