न तुटलेली लाइन

"आजी, फोनची तार घरात कुठून येते?"

"बाई म्हणा. आजी मी माझ्या नातवंडांची. तार स्वयंपाकघराच्या खिडकीतून येते, आणि तिथल्या पडद्याला हात लावायचा असेल तर आधी हात धुवा."

त्याने मुकाट्याने हात धुतले. माणूस चाळिशीचा, अंगाने किरकोळ, दाढीचे खुंट वाढलेले. शर्ट मात्र स्वच्छ होता. इंटरनेट जोडून देणाऱ्या कंपनीने त्याला पाठवले होते. आठ दिवसांपूर्वी मुलाने संगणक आणून टेबलावर मांडला होता. परदेशी असलेली माझी लेक आता त्यावर पत्रे पाठवणार होती, आणि पहिले पत्र आजच टाकते असे तिने कळवले होते. त्यामुळे काम आजच व्हावे, असे मी कंपनीला दोनदा बजावले होते.

हात पुसत तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"बाई, एक सांगायचं होतं. दवाखान्यात तुमच्या फोनचा नंबर देऊन आलोय. फोन आला तर मला द्याल?"

"कोणाला विचारून दिलात?"

"विचारायला वेळ नव्हता. माझी बायको चार दिवस शुद्धीवर नाही. डोळे उघडले तर लगेच कळवते म्हणाल्या सिस्टर. रजा संपली, कामावर यावंच लागलं. दवाखाना इथून सायकलवर दहा मिनिटं आहे, म्हणून यादीतलं हे घर मागून घेतलं."

"आला तर देऊ," मी म्हटले. "पण गप्पा नकोत."

हे वाक्य मी उच्चारले होते. ते मी येथे गाळणार नाही.

त्याने कामाआधी दवाखान्यात एक फोन करून घेतला. "तसंच आहे," एवढेच तो म्हणाला आणि कामाला लागला. त्याचे काम पाहण्यासारखे होते. पिशवीतून एकेक हत्यार काढायचे, काम झाले की पुसून पुन्हा त्याच खणात. मोडेम नावाची पाटीएवढी डबी त्याने संगणकाशेजारी ठेवली, फोनची तार तिच्यात खुपसली आणि नंबर लावला. डबीतून असा काही कर्कश आवाज निघाला की स्वयंपाकघरातून सूनबाई धावत आली.

"हे किंचाळणं रोज ऐकायचं?" मी विचारले.

"जुळताना होतो तसा आवाज, बाई. इकडचं मशीन तिकडच्या मशीनला ओळख देतं."

"मग ओळख हळू आवाजात द्यायला सांगा."

सूनबाई पदराआड हसली. तोही किंचित हसला. त्या दिवसातले त्याचे ते एकच हसू. त्याने संगणकाच्या पडद्यावर कुठेसे जाऊन आवाज पार बंद केला.

लाइन जुळली आणि सहाव्या मिनिटाला तुटली. तुटली की ते यंत्र आपण होऊन पुन्हा नंबर लावी. क्षणभर 'डायल टोन नाही' अशी पाटी येई, मग पुन्हा प्रयत्न, मग जुळे. अकरा वाजायच्या आत ती दोनदा तुटली. त्याने तार बदलली. भिंतीवरची पेटी उघडली, स्क्रूंवर चढलेला हिरवा गंज पात्याने खरवडला. मग दिवाणखान्यातला आणि माझ्या खोलीतला, असे दोन्ही फोन काढून टेबलावर ठेवले.

"तुमचा फोन यायचा आहे ना?" सूनबाईने विचारले.

"नेट चालू असताना फोन एंगेजच लागतो, ताई. सिस्टर परत करतील. आणि घरातलाच एखादा फोन लाइन ओढत असेल तर तो काढल्याशिवाय कळत नाही. पाच मिनिटांत परत लावतो."

लाइन तिसऱ्यांदा तुटली. तो गुडघ्यांवर बसला आणि बराच वेळ त्या तारेकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे वळला.

"बाई, या फोनवर काही जादा सोय घेतलीय का? बोलता बोलता दुसरा फोन मधे येतो, ती?"

"नाही."

"नक्की?"

"या घरात काय घेतलंय आणि काय नाही, ते मला ठाऊक असतं."

"आई, मला वाटतं," सूनबाई दारातून म्हणाली.

"तू दूध बघ."

ती आत गेली. चाळीस वर्षे या घरात बाहेरच्या माणसाला उत्तर मी देत आले होते. माझ्याशिवाय दुसऱ्याने उत्तर दिल्याचे मला आठवत नाही. त्या माणसाने मान हलवली आणि तो प्रश्न मनातून काढून टाकला. माझ्या शब्दावर त्याने विश्वास ठेवला होता.

चौथ्यांदा लाइन तुटली तेव्हा त्याने संगणकात शिरून वेग कमी केला. "जुन्या तारेला एवढा वेग पेलत नसेल," तो म्हणाला. लाइन जुळली. दहा मिनिटे झाली, पंधरा झाली. पडद्याच्या कोपऱ्यातले दोन लहान दिवे लुकलुकत राहिले.

"टिकली," तो म्हणाला. "आता जरा तोडतो, बाई. दवाखान्यात लावून बघतो."

"मध्येच तोडलीत तर टिकते की नाही हे कसं कळणार? चांगला अर्धा तास चालू द्या. मग हवे तितके फोन करा."

तो उभा होता तो पुन्हा बसला. आम्ही तिघांनी चहा घेतला. लाइन तुटली नाही. चाळीस मिनिटे ती एकदाही तुटली नाही. "काम जाणता तुम्ही," असे मी त्याला म्हटले, आणि मी असे सहसा कोणाला म्हणत नाही. त्याने कामाचा कागद माझ्यापुढे सहीसाठी सरकवला आणि सूनबाईला समजावून सांगू लागला.

"ताई, हे चालू असेल तोवर फोन करणाऱ्याला एंगेज लागेल बरं का. काळजी करायची नाही."

"एंगेज कसा लागेल?" सूनबाई म्हणाली. माझ्याकडे न पाहता म्हणाली. "आपल्याकडे ते मधे दुसरा फोन येण्याचं आहे. यांनी गेल्या महिन्यात सुरू करून घेतलं. मी मघाशी तेच सांगत होते."

माझी सही अर्धी झाली होती.

पिशवी उचलायला गेलेला त्याचा हात तसाच राहिला. मग तो अगदी खालच्या आवाजात, स्वतःलाच सांगावे तसे, सांगू लागला.

"दुसरा फोन आला की लाइनवर टुक वाजतं. मोडेमला ते चालत नाही, लाइन सुटते. सुटली की आलेला फोन वाजायला लागतो. दुसऱ्यांदा तुटल्यावर तर फोन मी काढूनच ठेवले. आणि घंटी व्हायच्या आत मशीन परत नंबर लावायला गेलं की तो आलेला फोन तेच उचलतं."

"म्हणजे?" सूनबाईने विचारले.

"म्हणजे समोरचं माणूस हॅलो हॅलो करत बसतं. मोडेमचा आवाज चालू असता तर या खोलीत ऐकू आलं असतं."

आवाज कोणी बंद करायला लावला होता, हे तो म्हणाला नाही. माझ्याकडे त्याने पाहिलेही नाही.

"चार वेळा तुटली," तो म्हणाला. "नंतर नाही तुटली."

वेग कमी केल्याने लाइन टिकली नव्हती. फोन करणाऱ्याने फोन करणे सोडून दिले होते. हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळले. तोपर्यंत त्याने मोडेमची तार उपटून फोन लावला होता.

पलीकडच्या सिस्टरचा आवाज चढलेला होता. मी शेजारीच उभी होते, शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

"अहो, किती लावायचा फोन? उचलता आणि बोलत नाही. नुसते नंबर दाबल्याचे आवाज. मला वाटलं नंबरच चुकीचा दिलात. पावणेअकराला डोळे उघडले त्यांनी."

"बोलली?"

"बोलल्या की. पाणी घेतलं दोन चमचे. तुम्ही कुठे आहात ते विचारलं. मी म्हटलं, येतायत, इथेच जवळ आहेत. मग म्हणाल्या, दाराकडे तोंड करून निजवा. निजवलं तसं."

"आणि आता?"

"साडेअकराला परत ग्लानी आली. डॉक्टर आत आहेत. तुम्ही या."

घड्याळात बारा वाजून गेले होते. त्याने रिसीव्हर जागेवर ठेवला. काचेची वस्तू ठेवावी तसा ठेवला.

"बाई, येतो."

"थांबा, टॅक्सी मागवते."

"सायकल लवकर पोचेल."

भिंतीवरची पेटी उघडी होती. हत्यारांची पिशवी जमिनीवर तशीच होती. मागाहून त्याच्या ऑफिसातला एक शिपाई ती घेऊन गेला. त्याच्याकडून मला कळले की दवाखान्यातल्या बाई तिसऱ्या दिवशी गेल्या, आणि मध्ये त्यांनी डोळे उघडले नाहीत. मी त्याच्या साहेबांना फोन केला. साहेब अदबीने म्हणाले, "काही तक्रार आहे का आमच्या माणसाची?" मी नाही म्हटले. तक्रार होती, पण ती ज्या माणसाविरुद्ध होती तो माणूस त्यांच्या नोकरीत नव्हता.

लेकीचे पत्र त्याच दिवशी, लाइन टिकली त्या चाळीस मिनिटांत, संगणकात आले होते. मी ते आठ दिवस कोणाला उघडू दिले नाही. सूनबाईने काही विचारले नाही. मघाशी तेच सांगत होते, हे वाक्यही तिने पुन्हा कधी काढले नाही. काढले असते तर मला बरे वाटले असते.

महिन्याभराने वरच्या मजल्यावरच्या वकिलांकडे इंटरनेट आले. जोडायला तोच माणूस आला आहे, असे सूनबाईने सांगितले. मी साडी बदलली आणि जिना चढले. वाटेत दोनदा थांबावे लागले, आणि दोन्ही वेळा काय बोलायचे ते मी मनात पुन्हा जुळवून घेतले. असले शब्द मी आयुष्यात फार वापरलेले नाहीत.

वकिलांचे दार उघडेच होते. तो फोनच्या पेटीपाशी गुडघ्यांवर बसला होता. दाढी नीट केलेली होती, शर्टाची इस्त्री मात्र धड नव्हती. वकील त्याच्यासमोर उभे होते, आणि त्यांचा आवाज तापलेला होता.

"अहो, मी सांगतोय ना तुम्हाला? तसली कुठलीही सोय आम्ही घेतलेली नाही."

"असेल साहेब. तरी मागचं बिल असेल तर दाखवा. त्यावर लिहिलेलं असतं."

"म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास नाही तुमचा?"

"तसं नाही साहेब. मी आता कोणालाच विचारत नाही. बिल बघतो."

तेवढ्यात त्याचे लक्ष माझ्याकडे गेले. त्याने मान लववली. पूर्वी लववली असती तेवढीच.

जिन्यात जुळवलेले शब्द मला एकही आठवेना. जो आवाज मला काढता येतो, तोच घशातून आला.

"वकीलसाहेब, बिल आणा."

"बाई, पण तुम्ही..."

"आणा म्हटलं ना."

वकील पुटपुटत आत गेले आणि कपाटातून बिल घेऊन आले. त्याने ते दोन्ही हातांनी घेतले, मांडीवर पसरले आणि एकेका ओळीखाली बोट धरून वाचू लागला. मला कोणीतरी खुर्ची दिली. मी उभीच राहिले. शेवटच्या ओळीपर्यंत गेल्यावर त्याने कागद उलटला आणि मागची बाजूही पहिल्यापासून वाचायला घेतली.