बटणावरचा लाल ठिपका

मी एक जुनी शिलाईची मशीन आहे. माझा काळा रंग कडेकडेने उडाला आहे, पण टीप अजून सरळ पडते. हे सांगताना पूर्वी माझी मान ताठ व्हायची. आता होत नाही. का, तेच सांगायला बसले आहे.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यातला, पण मला कामाला लावले ते एका शिंपीमास्तरांनी. त्यांनी मला माझ्या आताच्या मालकिणीला, म्हणजे ताईला विकले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि दिसेल ते बटण फिरवून बघायची. माझ्या तोंडापाशी दोऱ्याचा ताण कमीजास्त करायचे एक गोल बटण आहे. मास्तरांनी ते बेताने लावले, त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि म्हणाले, "हात बसेपर्यंत हे हलवायचं नाही, काय?"

ताईचा हात वर्षभरात बसला. ठिपका तसाच राहिला. मास्तरांचा शब्द म्हणजे तिच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ.

त्या ताणावर पडदे आणि उशांचे अभ्रे झकास निघत. गिऱ्हाइके म्हणत, "काय मशीन आहे हो!" आणि मी फुगून बसे.

मग ताईच्या बाबांचा उजवा हात लुळा पडला. बाबा टपाल वाटायचे. कडक इस्त्रीच्या शर्टाशिवाय ते कधी उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. आता रोज सकाळी आई त्यांची बटणे लावायची. एकदा ते म्हणाले, "सात बटणांसाठी माणूस लागतो मला. दुकानाच्या काचेतला बाहुला झालोय नुसता."

आई हसली. ताईला हसू आले नाही. तोवर समोर येईल ते कापड ती शिवत होती. कशासाठी, हे तिने स्वतःला कधी विचारले नव्हते. त्या दुपारी तिने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिले : 'एका हाताने घालता येतील असे कपडे शिवायचे. आधी बाबांचा शर्ट. मग आणखी दहा जणांचे. दोन वर्षांत पडदे शिवणे बंद.' लिहून झाल्यावर ती गुणगुणत होती.

शर्टाला बटणे नुसती दिसण्यापुरती, आतून दाबली की चिकटणारी वेल्क्रोची पट्टी. पट्टी चांगलीच जाड होती. माझ्याखाली आली आणि दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. तिसऱ्या खेपेला सुईच मोडली.

"माझ्या हातातच ते कसब नाहीये," ताई म्हणाली.

खोटे होते ते. ताण थोडा सैल केला असता तर काम झाले असते. मला ते कळत होते. मशीनला तोंड फुटत नाही, ही सबब मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितली. पण पुढचे ऐका. एकदा धूळ पुसताना आईचा हात लागून ते बटण फिरले आणि ताण सैल झाला. ताई तेव्हा पडदा शिवत होती. खालून दोरा जरा लोंबला. मी जरा धीर धरला असता, तर बटण फिरवले तरी चालते, हे कदाचित तिच्या ध्यानात आले असते. पण मला त्या जाड पट्टीची धास्ती बसली होती, आणि पडद्यांचे कौतुक हवे होते. मी मुद्दाम मोठा गुंता केला. ताईने घाईघाईने बटण पुन्हा ठिपक्यावर आणले. मी मनात म्हटले, सुटले बाई एकदाची!

अर्धवट शर्ट पेटीत गेला. आईने पाच वर्षे रोज सात बटणे लावली. बाबा गेले त्या सकाळीही लावली होती.

पुढे मला दुरुस्तीवाल्या काकांकडे नेले. "हा कुंकवाएवढा ठिपका कोणाचा?" ते हसत म्हणाले. "अहो ताई, कापड बदललं की हे बटण फिरवायचं असतं!" त्यांनी ते फिरवले.

घरी येऊन ताईने पेटी उघडली. पट्टी माझ्याखालून सरळ निघाली. एकदाही दोरा तुटला नाही.

"आण इकडे," आई म्हणाली. तिने उजवा हात पाठीमागे धरला आणि नुसत्या डाव्या हाताने बाबांचा शर्ट अंगात घातला, पट्टी दाबली, कॉलर नीट केली.

"जमलं असतं गं त्यांना," ती म्हणाली.

मित्रांनो, मला तेल घाला, फडक्याने पुसा, एवढे तर मी मागतेच. पण मनाशी धरलेले काम अडले तर आपल्या हातांना दोष देण्याआधी बघा, एखादा जुना ठिपका राहून गेला आहे का. आणि तुमच्या ओळखीत माझ्यासारखे कोणी कौतुकाला चटावलेले असेल, तर त्याच्यावर फार विसंबू नका.

कपाटाच्या दारावर आता 'बाबांचा शर्ट' यापुढे बरोबरची खूण आहे. दहांपैकी सहा जणांचे शर्ट झाले. घेऊन जाणारे अजूनही म्हणतात, "काय मशीन आहे हो!" तेव्हा आई माझ्यावर झाकण घालते, आणि ते कौतुक झाकले गेले म्हणून मला बरे वाटते.