पाठमोरी खुर्ची

देशासाठी बारा वर्षे फलंदाजी केलेल्या त्या गृहस्थास सारे ‘खुंटा’ म्हणत. कारण खेळपट्टीवर एकदा रोवला गेला की तो हलता हलत नसे. त्याचा खेळ लाखो डोळ्यांनी पाहिला होता. फक्त दोन डोळ्यांनी पाहिला नव्हता, आणि ते त्याच्या पत्नीचे होते.

लग्नानंतरच्या पहिल्याच सामन्याला ती मोठ्या हौसेने गेली होती, आणि खुंटा पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत झाला. वास्तविक चेंडू सरळ होता, यानेच बॅट आडवी फिरवली. परंतु नाचता येईना, अंगण वाकडे! चारचौघांदेखत तो तिला म्हणाला, “तू पाहिलंस म्हणून झालं हे.” तेव्हापासून नवरा मैदानात उतरला की ती माउली घरी टीव्हीकडे पाठ करून खुर्चीत बसे. तो शतके ठोकी, आणि ही भिंतीकडे पाहत टाळ्या ऐके. भागीदारी जमली की खेळाडूंच्या खोलीतसुद्धा कोणी आपली जागा सोडत नाही, ही रीतच आहे. म्हणून त्याला त्यात काही वावगे वाटले नाही.

निवृत्तीनंतर वाटू लागले. “अगं, तो ड्राइव्ह आठवतो?” असे तोंडून निघून जाई, आणि मग जीभ चावावी लागे. एकदा त्याने जुनी चित्रफीत लावली, तर ती म्हणाली, “झालेलं बघून काय करू? तिथे काय होणार याची धाकधूकच नाही.”

अशात जुन्या खेळाडूंच्या सामन्याचे आमंत्रण आले. डॉक्टरांनी गुडघा पाहून बजावले होते, की यानंतर बॅट कायमची ठेवून द्या. म्हणजे तिला दाखवायचे तर हीच वेळ होती.

“चल या वेळी.”

“नको बाई! तुमचं शून्य पुन्हा माझ्या माथी?”

“नाही मारणार. शपथ.”

ती आली. खुंट्याने काही चेंडू अडवले, आणि मग असा एक ड्राइव्ह मारला की गेलेले तारुण्य क्षणभर दारात येऊन उभे राहिले. हर्षभराने त्याने मंडपाकडे पाहिले. पहिल्या रांगेत तिची पाठ आणि पांढरा अंबाडा तेवढा दिसत होता. खुर्ची तिने फिरवून घेतली होती.

यष्टिरक्षक त्याचा जुना सोबती होता. अखंड बडबडीमुळे त्याला ‘पोपट’ म्हणत. तो म्हणाला, “काय रे, वहिनी रुसल्या वाटतं?”

खुंट्याने पंचांना हात दाखवला, बॅट काखेत मारली आणि लंगडत सीमारेषेकडे निघाला.

“अरे लेका, पाण्याची वेळ व्हायचीय अजून!” पोपट ओरडला.

मंडपाशी येऊन तो पत्नीला म्हणाला, “अगं, वळ की इकडे.”

“जा बघू तुम्ही. चांगलं चाललंय. टाळ्या ऐकल्या मी.”

“ऐकल्यास ना? आता बघ. बाद झालो तर मी झालो.”

खुर्चीचे पाय गवतात रुतले होते. ती उठली, त्याने स्वहस्ते खुर्ची उपटून मैदानाकडे फिरवली.

त्यानंतर तसा फटका काही बसला नाही. गुडघा वाकेना. त्याने चेंडू अडवले, ढकलले, एकेक धाव चालत काढली. प्रत्येक चेंडूला ती पदराचे टोक मुठीत आवळून बसली होती. अखेर षटके संपली.

“नाबाद! सुंभ जळाला तरी पीळ गेला नाही तुझा,” पोपटाने पाठ थोपटली.

खुंटा मंडपात येऊन तिच्याशेजारी बसला. पॅडचा पट्टा त्याच्या हाताला सुटेना. ती खाली वाकली, आणि पट्टा सोडवता सोडवता हळूच म्हणाली, “म्हणजे मी पाहिलं असतं तरी चाललं असतं.”

तिच्या स्वरात राग नव्हता. असता तर त्याला उत्तर देता आले असते. यापेक्षा आज शून्यावर बाद झालो असतो तर बरे, असे त्या माणसाला आयुष्यात प्रथमच वाटले.